बैल थांबतो, ट्रॅक्टर थांबत नाही

वाचकहो, गेल्या खेपेस आम्ही विहिरीवरील विजेच्या पंपाविषयी चार शब्द लिहिले होते. या खेपेस ट्रॅक्टरविषयी लिहावयाचे योजिले आहे. मात्र आपल्या दारी उभ्या असलेल्या नव्या ट्रॅक्टरविषयी नव्हे, तर शंभर वर्षांहून जुन्या अशा एका ट्रॅक्टरविषयी. एवढे जुने यंत्र उकरून काढण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे, आणि ते आम्ही आधीच सांगून टाकतो.

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या बेळगाव सीमाभागातील रस्त्यांवर एक दृश्य नित्य दिसते. उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे ट्रॅक्टर, आणि चढ लागला की त्या ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडून अधांतरी होतात. रस्त्याच्या कडेची पोरे टाळ्या पिटतात आणि चालविणाऱ्या तरुणाच्या अंगावर मूठभर मांस चढते. याच हंगामात एका घरी सांत्वनास जाण्याचा प्रसंग आमच्यावर आला. ओल्या रानात रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढताना तो पुढून उभा राहिला आणि चालविणाऱ्यावर मागे उलटला. घरचा कर्ता मुलगा होता. त्याचे वडील आम्हांला पुनःपुन्हा एकच विचारीत होते, "फादर, ट्रॅक्टर तर पुढे जायचा, तो मागे कसा पडला?" त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. पुढे आम्ही त्याचा शोध घेतला, आणि तो घेता घेता या जुन्या यंत्रापाशी येऊन पोहोचलो.

त्या यंत्राचे नाव फोर्डसन. मोटारींचे प्रसिद्ध कारखानदार हेन्री फोर्ड हे अमेरिकेतील मिशिगन प्रांतात, डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी १८६३ साली जन्मले. शेतातल्या कष्टांची त्यांना लहानपणापासून नावड होती, आणि माणसाच्या पाठीवरचे ओझे लोखंडाच्या पाठीवर टाकावे ही त्यांची जुनी इच्छा होती. त्यांनी ट्रॅक्टरसाठी 'हेन्री फोर्ड अँड सन' या नावाची निराळी कंपनी काढली. त्यावरूनच 'फोर्डसन' हे नाव पडले. १९१७ साल हे पहिल्या महायुद्धाचे. जर्मन पाणबुड्या इंग्लंडकडे जाणारी धान्याची जहाजे बुडवीत होत्या, आणि शेतावरची माणसे व घोडे रणांगणावर गेले होते. इंग्लंडच्या सरकारने सुमारे ६,००० ट्रॅक्टरांची मागणी नोंदविली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'मॉडेल एफ' हा फोर्डसन कारखान्यातून बाहेर पडू लागला.

त्यापूर्वी ट्रॅक्टर नव्हते असे नाही. परंतु ते बहुतेक अवजड धूड असत. जाड लोखंडी तुळयांचा सांगाडा करावयाचा, त्यावर इंजिन ठेवावयाचे, मागे दातेरी चाकांची पेटी बसवावयाची, असा तो प्रकार होता. फोर्डसनचे मुख्य रचनाकार युजीन फार्कस हे मूळचे हंगेरीचे. त्यांनी तो सांगाडाच काढून टाकला. इंजिनाचे ओतीव धड, त्यामागे गिअरपेटी आणि त्यामागे मागील आसाची पेटी अशी तीन ओतकामे एकमेकांस बोल्टांनी जोडली, आणि तोच ट्रॅक्टरचा कणा झाला. आज आपल्या शिवारात दिसणारा जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर याच पद्धतीने बांधलेला असतो. यामुळे लोखंड वाचले, वजन घटले आणि किंमत उतरली. साऱ्या ट्रॅक्टरचे वजन सुमारे २,७०० पौंड, म्हणजे सव्वाबाराशे किलोच्या आसपास होते, आणि पुढच्या व मागच्या आसांतील अंतर अवघे ६३ इंच. हे दोन आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. त्यांचे काम पुढे पडणार आहे.

आता इंजिन पाहू. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ४ इंच, आणि पिस्टनची धाव ५ इंच. मिनिटाला सुमारे १,००० फेऱ्या घेऊन ते पट्ट्यावर २० अश्वशक्तीच्या आसपास काम देई. नांगर ओढताना त्यातील निम्मीच शक्ती हाती येई. इंजिन पेट्रोलवर सुरू करावयाचे आणि तापले की रॉकेलवर वळवावयाचे, अशी रीत होती, कारण रॉकेल स्वस्त मिळे. परंतु रॉकेल थंडीत नीट वाफ होत नाही. म्हणून इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या उष्णतेवर ते तापवून मग सिलिंडरात सोडीत. चालविणाऱ्याने घाई केली आणि इंजिन थंड असतानाच रॉकेल सोडले, तर न जळलेले रॉकेल खाली वंगणात उतरे आणि वंगण पातळ होऊन बेअरिंगे झिजत. पूर्वी आपल्याकडे रॉकेलवर पाणी उपसणारी इंजिने होती; ती ज्यांनी चालविली आहेत त्यांना हा अनुभव नवा नाही.

या यंत्रातील आम्हांला सर्वांत मौजेची वाटलेली गोष्ट म्हणजे हवा धुण्याची सोय. नांगरताना धूळ उडते, आणि धूळ इंजिनात गेली की पिस्टन व सिलिंडर कानशीने घासल्यासारखे झिजतात. फोर्डसनमध्ये आत जाणारी हवा प्रथम पाण्याच्या भांड्यातून नेत. हुक्क्यात धूर पाण्यातून येतो तशी हवा पाण्यातून बुडबुडत येई आणि धूळ पाण्यातच राही. त्या भांड्यातला गाळ रोजच्या रोज काढावा लागे. ज्याने आळस केला त्याचे इंजिन लवकर निकामी होई. आजच्या ट्रॅक्टरांच्या हवेच्या फिल्टरचे कामही हेच आहे, आणि आजचा आळसही तोच आहे.

ठिणगीसाठी बॅटरी नव्हती. इंजिनाच्या जड फिरत्या चाकावर लोहचुंबक बसविलेले असत. ते तारेच्या वेटोळ्यांसमोरून फिरले की वीज उत्पन्न होई, आणि ती लाकडी पेट्यांतील कॉइलमधून स्पार्क प्लगापर्यंत जाई. युक्ती नामी खरी. पण हाताने हँडल मारताना चाक हळू फिरते, म्हणून वीजही क्षीण निर्माण होई. थंडीच्या दिवसांत हँडल मारून मारून माणसाचे खांदे भरून येत. पाण्याला पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर रेडिएटरात जाई आणि निवलेले खाली येई. तेलालाही पंप नव्हता. फिरत्या भागांनी उडविलेले तेलच जागोजागी पोहोचे. थोडक्यात, जेथे एखादा भाग वाचविता येईल तेथे तो वाचविला होता. काटकसरी घरात प्रत्येक भांडे दोन कामे करते, तशी ही रचना होती.

आता मागच्या भागाकडे वळू, कारण आमच्या गोष्टीचे मर्म तेथे आहे. गिअर तीन. नांगरणीच्या गिअरात ट्रॅक्टर तासाला सुमारे पावणेतीन मैल चाले, म्हणजे बैलजोडीच्या मागे चालणाऱ्या माणसाइतकाच. मागची लोखंडी चाके ४२ इंच व्यासाची होती. हिशेब केला तर इंजिनाच्या १,००० फेऱ्यांना त्या चाकांच्या २२ फेऱ्या पडतात. म्हणजे वेग सुमारे ४५ पटींनी कमी होतो, आणि घर्षणात जाईल ते वजा जाता पीळ त्याच मानाने वाढतो. हे काम मुख्यतः एका मळसूत्री दांड्याने होई. कारागीर त्याला 'वर्म' म्हणतात. मोठ्या स्क्रूचे आटे एका दातेरी चाकाच्या दातांत अडकवावेत आणि स्क्रू फिरवावा, म्हणजे चाक दात-दात पुढे सरकते. भाग थोडे, जागा थोडी आणि वेगात घट मोठी, असा त्याचा गुण. दोष असा की आटे दातांवर सतत घासतात, शक्ती वाया जाते आणि पेटी तापते. चालविणाऱ्याची लोखंडी बैठक नेमकी त्याच पेटीच्या वर असल्यामुळे दुपारपर्यंत बसणेही जिवावर येई.

हे सगळे सोसूनही शेतकऱ्यांनी तो घेतला, याचे कारण किंमत. १९१८ साली ७५० डॉलरना मिळणारा हा ट्रॅक्टर १९२२ साली ३९५ डॉलरना मिळू लागला. १९२८ साली अमेरिकेतील उत्पादन थांबेपर्यंत सात लाखांहून अधिक फोर्डसन तयार झाले. पुढे ते काम आयर्लंडमधील कॉर्क येथे आणि १९३३ साली इंग्लंडमधील डॅगनम येथे गेले. ज्या लहान शेतकऱ्याला ट्रॅक्टर हे केवळ स्वप्न होते, त्याच्या अंगणात तो याच यंत्राने उभा केला, हे श्रेय कोणी नाकारणार नाही.

परंतु याच ट्रॅक्टरने पुष्कळ घरांतला धनी नेला. तो कसा, हे समजून घेण्यासाठी विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणा. पोहरा तळाच्या कपारीत घट्ट अडकला आहे आणि रहाटाच्या दांडीवर एक जण अंगाचा भार टाकीत आहे. पोहरा हलत नाही, म्हणून दांडीही खाली जात नाही. आणि त्याने अधिक जोर केला की त्याचेच पाय जमिनीवरून सुटतात. म्हणजे जोर कोठे ना कोठे आपला मार्ग काढतोच. एक टोक अडले तर तो दुसऱ्या टोकाला हलवितो. ट्रॅक्टरचे असेच होते. इंजिन मागच्या चाकांना पुढच्या दिशेने पिळते, त्याच वेळी ट्रॅक्टरच्या धडाला तितकाच उलट पीळ बसतो, आणि तो त्याचे नाक वर उचलू पाहतो. चाके मोकळी फिरत असतात तोवर पुढच्या भागाचे वजन त्याला दाबून धरते. पण नांगराचा फाळ झाडाच्या मुळात किंवा खडकात अडकला, किंवा चाके चिखलात रुतून बसली, की चाके फिरत नाहीत आणि इंजिन तर जोर लावीतच असते. मग तो मळसूत्री दांडा दातेरी चाकाला फिरविण्याऐवजी स्वतःच त्या चाकावर चढू लागतो, आणि त्याबरोबर सारे धड मागील आसाभोवती फिरते. नाक आकाशाकडे जाते आणि ट्रॅक्टर चालविणाऱ्यावर उलटतो. "मागे कसा पडला?" या त्या पित्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

आता ते दोन आकडे आठवा. ट्रॅक्टर हलका, आणि आसांतले अंतर आखूड. ज्या गुणांमुळे तो स्वस्त झाला त्याच गुणांमुळे त्याचे नाक उचलावयास सोपे झाले. उलटण्यास लागणारा वेळ अवघा दीड सेकंदाच्या आसपास, आणि त्याच्या निम्म्या वेळातच तो अशा जागी पोहोचतो की तेथून मागे फिरणे नाही. तेवढ्यात माणसाने धोका ओळखावा, पाय उचलावा आणि क्लच दाबावा. फोर्डसनचा क्लच तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा होता. तेल थंड आणि घट्ट असले की चकत्या एकमेकींस चिकटून राहत आणि पाय दाबूनही जोर तत्काळ सुटत नसे. सुरुवातीच्या नमुन्यांना ब्रेकही नव्हता. पुढे मागच्या चाकांवर लांब शेपटीचे मडगार्ड बसविण्यात येऊ लागले. ट्रॅक्टर मागे कलला तर ते जमिनीला टेकून त्याला थोपवीत. हा उपाय रोग्याच्या तोंडावर पाणी मारण्यासारखा होता. रोग तसाच राहिला.

रोगाचे मूळ शोधले ते हॅरी फर्ग्युसन यांनी. हेही शेतकऱ्याचेच पुत्र, आयर्लंडच्या उत्तर भागातले, जन्म १८८४ चा. बेलफास्ट येथे त्यांचा मोटारदुरुस्तीचा धंदा होता, आणि १९०९ सालच्या अखेरीस स्वतः बांधलेल्या विमानातून त्यांनी आयर्लंडमधले पहिले उड्डाण केले होते. महायुद्धाच्या काळात सरकारने त्यांना शेतोशेत जाऊन ट्रॅक्टरांची देखरेख करावयास सांगितले. तेथे त्यांच्या ध्यानी आले की लोक ट्रॅक्टरला बैलासारखे जुंपीत आहेत. साखळी मागे बांधावयाची आणि नांगर फरफटत न्यावयाचा. बैलाला हे चालते, कारण फाळ अडला की बैल थांबतो, मान वळवून पाहतो आणि धनी फाळ सोडवितो. यंत्राला मान नाही. तेव्हा नांगर यंत्रामागे ओढण्याऐवजी तो यंत्राचाच एक अवयव झाला पाहिजे, असे फर्ग्युसन यांनी ठरविले.

त्यांनी फोर्डसनसाठी एक नांगर केला. तो वर-खाली अशा दोन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडलेला असे. पुढे त्यातून आपल्या परिचयाची तीन टोकांची जोडणी आली; खाली दोन भुजा आणि वर मध्ये एक दांडा. नांगर जमिनीत रुतला की तो पुढच्या बाजूस कलू पाहतो. तो कल वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरच्या धडाला पुढे ढकलतो आणि पुढची चाके जमिनीवर दाबली जातात. जो ओढ पूर्वी नाक वर उचलीत असे, तोच ओढ आता नाक खाली धरू लागला. १९२६ साली त्यांना तेलाच्या दाबाने नांगराची खोली आपोआप सांभाळणाऱ्या योजनेचे पेटंट मिळाले. आजच्या भाषेत हीच हायड्रॉलिक लिफ्ट. तिच्यात आणखी एक शहाणपण होते. फाळ खडकाला जोराने आदळला तर नांगराचा भार मागच्या चाकांवरून निघून जाई, चाके जागच्या जागी फिरू लागत आणि ट्रॅक्टर उभा राहण्याऐवजी थांबे. बैलाचे थांबणे शेवटी लोखंडाने शिकले ते असे.

१९३८ साली फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी केवळ हस्तांदोलनावर करार केला, आणि १९३९ साली ही जोडणी बसविलेला नवा ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे त्या तोंडी करारावरून मोठा खटला झाला आणि तो १९५२ साली तडजोडीने मिटला. भाऊबंदांत तोंडी वाटण्या करणाऱ्या आमच्या वाचकांनी त्यातून घ्यावयाचा तो धडा घ्यावा. मळसूत्री दांड्याचा जुना फोर्डसन १९४५ पर्यंत तयार होत राहिला. त्यानंतरच्या नमुन्यात तो दांडा काढून टाकला. फर्ग्युसन यांचा धंदा १९५३ साली मॅसी-हॅरिस या कंपनीत मिळाला, आणि १९६० साली मद्रास येथे स्थापन झालेल्या कंपनीने 'मॅसी फर्ग्युसन' ट्रॅक्टर आपल्या देशात बांधावयास घेतले. आज आपल्या शिवारातल्या ट्रॅक्टरला, तो कोणत्याही कंपनीचा असो, मागे जी तीन टोके दिसतात ती याच माणसाची देणगी आहेत.

मग आपला मुलगा का गेला? आम्ही त्या रानातल्या मंडळींना पुढे विचारले. ट्रॅक्टर रुतला तेव्हा त्यांनी मागच्या चाकांपुढे लाकडी ओंडका घालून तो साखळीने चाकांनाच बांधला होता, म्हणजे चाके त्यावर चढून बाहेर येतील. चाके चढली नाहीत. ओंडक्याने ती जागीच जखडली. रहाटाची गोष्ट तेथे अक्षरशः घडली. आपण आपल्या हातांनी त्या ट्रॅक्टरचा १९१७ चा फोर्डसन केला, असेच म्हणावे लागेल. तीन टोकांची जोडणी नांगराला राखते. साखळीने बांधलेल्या ओझ्याला किंवा जखडलेल्या चाकाला ती काय करणार?

म्हणून आमच्या तरुण वाचकांस काही गोष्टी आग्रहाने सांगावयाच्या आहेत. ओढावयाचे ओझे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढपट्टीलाच जोडावे. मागील आसाच्या पेटीला किंवा वरच्या दांड्याच्या जागेला साखळी कधीही बांधू नये, कारण जोडणी जितकी उंच तितके नाक लवकर उचलते. चाके रुतली तर माती उकरावी आणि मागे घेऊन पाहावे. मागे घेताना पीळ उलट दिशेने बसतो आणि नाक खाली दाबले जाते. तेवढ्याने न निघाला तर दुसऱ्या ट्रॅक्टरची वाट पाहावी. चाकापुढे ओंडका किंवा दगड जखडू नये. क्लच झटक्याने सोडू नये. चढावर पुढची चाके हलकी वाटू लागली की ती शाबासकी नव्हे, इशारा आहे. ट्रॉलीतले ओझे कमी करावे आणि पुढे वजने बसवावीत. पुढची चाके अधांतरी असली की स्टिअरिंगही हाती राहत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

आणखी एक. स्वीडन देशाने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर चालविणाऱ्याच्या भोवती मजबूत लोखंडी चौकट असण्याची सक्ती केली, आणि पुढे तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुष्कळ घटले. ट्रॅक्टर उलटला तरी चौकट त्याचा भार पेलते आणि आतल्या माणसाला जागा उरते. मात्र आतल्या माणसाने बैठकीचा पट्टा बांधलेला हवा, एरव्ही तो बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडतो. ट्रॅक्टर घेताना रंग आणि गाण्याची पेटी यांवर खर्च करणाऱ्या घराला चौकटीचा खर्च जड वाटू नये.

परवा आम्ही त्या पित्याकडे पुन्हा गेलो आणि हे सारे त्यांना समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग उठून गोठ्यालगतच्या पडवीत गेले, धाकट्या मुलाला हाक मारली आणि ती साखळी त्याच्यासमोर ट्रॅक्टरवरून काढून विहिरीच्या रहाटापाशी ठेवली. "ही आता इथंच," एवढेच ते म्हणाले.